बिनदुधाचे मसाला चहाचे मफिन: तयारी रात्री, ओव्हन सकाळी

मसाला चहाचा म्हणून जो केक किंवा मफिन समोर येतो, त्यात वेलची लागते, दालचिनी लागते, चहा मात्र शोधावा लागतो. कपात एवढा कडक लागणारा चहा ओव्हनमध्ये जातो कुठे? तो मुळात पुरेसा घातलेलाच नसतो. पाव किलो पीठ, गूळ आणि तेल यांच्यात नेहमीचा एक कप चहा ओतला तर त्याचा पत्ता लागणं कठीणच. बरं, कडक हवा म्हणून पावडर वाढवून दहा मिनिटं खळखळा उकळली, तर चवीऐवजी तुरटपणा वाढतो. त्यात दूध वगळायचं असेल तर तो आणखीच जाणवतो.

म्हणून या कृतीत सगळा भर एकाच गोष्टीवर आहे. चहाचा अर्क पाण्यात उतरवायचा, मसाल्याचा तेलात, आणि ही दोन्ही कामं आदल्या रात्री उरकून ठेवायची. सकाळी फक्त कालवायचं आणि ट्रे ओव्हनमध्ये सरकवायचा. आंघोळ, डबा, इस्त्री चालू असताना मफिन फुगत राहतात आणि घराबाहेर पडायच्या आत खाऊनही होतात. माझ्या सासूबाईंना दूध पचत नाही, त्यामुळे आमच्याकडे हा नाश्ता नेहमीचा झाला आहे. पण दूध चालणारी माणसंही तो तितक्याच आवडीने खातात, म्हणून तो इथे सविस्तर मांडते आहे.

दूध नको म्हणजे नेमकं काय नको

आधी हे घरात स्पष्ट असायला हवं. ज्यांना लॅक्टोज पचत नाही, म्हणजे दुधातली साखर पचवणारं विकर ज्यांच्या आतड्यात कमी आहे, त्यांना दूध प्यायल्यावर पोट फुगणं, जुलाब असा त्रास होतो. पण साजूक तूप त्यातल्या बऱ्याच जणांना चालतं, कारण तुपात लॅक्टोज जवळजवळ उरत नाही. दुधाची अ‍ॅलर्जी ही वेगळी गोष्ट आहे. तिथे शरीर दुधातल्या प्रथिनांवर तुटून पडतं, आणि तुपात राहिलेला प्रथिनांचा अंशही त्रास देऊ शकतो. अ‍ॅलर्जीवाल्या माणसासाठी करत असाल तर साच्याला सवयीने तुपाचं बोट फिरवणंसुद्धा चालणार नाही. चमचे, चाळणी, साचे आधी स्वच्छ धुऊन घ्या.

पाकिटांच्या बाबतीत डोळे उघडे ठेवा. डेअरी व्हाइटनर हे दूधच आहे. 'नॉन-डेअरी' लिहिलेल्या क्रीमरमध्ये आणि व्हिप टॉपिंगमध्ये सोडियम केसीनेट असू शकतं, आणि ते दुधाच्या प्रथिनापासूनच बनतं. काही मार्जरीनमध्ये मिल्क सॉलिड्स असतात. सगळ्यात फसवी वस्तू म्हणजे नारळाच्या दुधाची पावडर. नाव नारळाचं, पण ती पाण्यात नीट विरघळावी म्हणून अनेक पावडरींत केसीनेट घातलेलं असतं. पाकिटाच्या मागे घटकांच्या यादीखाली अ‍ॅलर्जनची ओळ असते. तिच्यात दूध लिहिलंय का तेवढं वाचलं तरी बराच घोळ टळतो.

अंडं डेअरीत मोडत नाही. तरी ही कृती मी बिनअंड्याचीच दिली आहे, म्हणजे ती सगळ्या घरांत चालेल.

दुधाच्या जागी काय

माझी पहिली पसंती नारळाच्या दुधाला. कोकणात शिरवाळ्यांबरोबर, म्हणजे तांदळाच्या शेवयांबरोबर, गूळ-वेलची घातलेला नारळाच्या दुधाचा रस असतोच, त्यामुळे गूळ, वेलची आणि नारळ ही त्रयी आपल्या जिभेला अजिबात परकी नाही. गोव्यातली तवसाळी किंवा मालवणकडचं धोंडस पाहा: तवसं म्हणजे मोठी काकडी, तांदळाचा रवा, गूळ, नारळ, आणि खाली-वर निखारे ठेवून भाजणं. म्हणजे नारळ-गुळाचा भाजलेला केक आपल्याकडे ओव्हनच्या आधीपासून आहे. शिवाय गुळाने दूध फाटेल ही धास्ती नारळाच्या दुधाला नाही.

घरी काढणार असाल तर एका मध्यम नारळाचा चव पाऊण कप कोमट पाण्यात वाटून, पिळून जे पहिलं दूध निघेल तेच वापरा. तयार पाकिटातलं किंवा डब्यातलं दूध जाड असतं, त्यात निम्मं पाणी मिसळा. परदेशात राहणाऱ्यांनीही डब्यातलं दूध असंच पातळ करून घ्यावं. एरवी तेल आणि नारळाची चरबी मिळून मफिन जड होतो.

सोयाचं दूधही चांगलं. पाकिटावर त्याला ड्रिंक किंवा बेव्हरेज म्हटलेलं असतं. बिनसाखरेचं आणि बिनस्वादाचं घ्या. व्हॅनिलाचा वास मसाल्याशी भांडतो. त्यात प्रथिनं बऱ्यापैकी असल्याने चहाचा तुरटपणा थोडा निवतो आणि मफिनला रंगही छान येतो. काजूचं दूध हवं असेल तर मूठभर काजू तासभर भिजवून २०० मिलीलिटर पाण्यात गंधासारखे वाटा, गाळायची गरज नाही. घरी केलेलं ओटचं दूध मात्र तापवलं की चिकट होतं, या कामाला ते नको.

चहा कोणता

रोजचा, दाणेदार, सीटीसी चहा. या पद्धतीत पान दातेरी रुळांमधून जातं, चिरडतं, फाटतं आणि त्याच्या गोळ्या वळल्या जातात. १९३० च्या दशकात आसामात ही रीत सुरू झाली आणि आपला उकळून करायचा चहा तिच्यावरच उभा आहे. चिरडलेल्या पानातून रंग आणि कडकपणा झटकन उतरतो. दार्जिलिंगचा नाजूक पानांचा चहा इथे वाया जाईल, तो कपातच प्या. अगदी बारीक डस्ट घेतली तर ती गाळणीतून उतरते आणि अर्क गढूळ होतो.

आता तुरटपणाचं कारण. गाईम्हशीच्या दुधात केसीन नावाचं प्रथिन असतं. ते चहातल्या टॅनिनला धरून ठेवतं, म्हणून दुधाचा चहा पाच-सात मिनिटं उकळला तरी घशाला गोड लागतो. नारळाच्या दुधात प्रथिन फारच थोडं असतं. टॅनिन मोकळं राहतं आणि जीभ आवळल्यासारखी होते. त्यामुळे बिनदुधाच्या अर्कात चहाची पावडर जास्त घालायची आणि उकळायची मात्र कमी. हे एक सूत्र पाळलं तर निम्मं काम फत्ते झालं म्हणून समजा.

साहित्य, १२ मफिनसाठी

चमचा म्हणजे ५ मिलीलिटरचा, मोठा चमचा म्हणजे १५ मिलीलिटरचा. घराघरांतल्या वाट्या वेगवेगळ्या मापाच्या असतात, म्हणून ग्रॅममध्येच देते आहे. छोटा वजनकाटा घरात असेल तर तो वापरा.

चहाच्या अर्कासाठी:
- पाणी १५० मिलीलिटर
- नारळाचं दूध २०० मिलीलिटर
- चहा पावडर २ मोठे चमचे, जरा शिगेला, म्हणजे साधारण १४ ग्रॅम
- आलं, दीड इंचाचा तुकडा, ठेचून
- गवती चहाची ४ पाती
- चिरलेला गूळ १४० ग्रॅम

मसाला तेलासाठी:
- तेल ८० मिलीलिटर
- चहाचा मसाला २ चमचे, कृती पुढे आहे

कोरडं:
- मैदा १५० ग्रॅम
- कणीक १०० ग्रॅम
- बेकिंग पावडर दीड चमचा
- खायचा सोडा अर्धा चमचा, सपाट
- मीठ पाव चमचा
- मिक्सरमधून अगदी बारीक करून चाळलेली चहा पावडर १ चमचा

आयत्या वेळी:
- व्हिनेगर किंवा लिंबाचा रस १ मोठा चमचा
- वर भुरभुरायला जाडसर साखर आणि चिमूटभर दालचिनी

तेल शक्यतो सूर्यफुलाचं किंवा रिफाइंड शेंगदाण्याचं, ज्याला स्वतःचा वास कमी आहे असं. घाण्याचं शेंगदाणा तेल मसाल्यावर कुरघोडी करतं. खोबरेल तेलाची चव इथे शोभते खरी, पण ते २४ अंशांच्या आसपास गोठतं. पुण्या-नाशिकच्या थंडीत फ्रिजमधून काढलेल्या अर्कात ते पडलं की पांढऱ्या गुठळ्या होतात. उन्हाळ्यात खुशाल वापरा.

संपूर्ण कणकेचे मफिन करता येतात, पण कोंडा पाणी ओढतो आणि मफिन घट्ट होतो. तसं करायचं तर तीन मोठे चमचे पाणी वाढवा. मला हे मैदा-कणकेचं प्रमाण आवडतं. कणकेचा भाजका वास चहाला साथ देतो आणि मैद्याने हलकेपणा राहतो.

मसाला

प्यायच्या चहाचा तयार मसाला इथे जसाच्या तसा घालू नका. त्यात बहुधा मिरी-सुंठ पुढे असते. कपात ती बरी वाटते, मफिनमध्ये घसा धरते. भाजताना वेलचीचा वास पटकन उडतो आणि लवंग मात्र जागची हलत नाही, म्हणून वेलची भरपूर आणि लवंग हात राखून.

१५ वेलच्या सालासकट, दालचिनीचे दोन-दोन इंचांचे २ तुकडे, ६ लवंगा, १० मिरे, १ चमचा बडीशेप, २ चमचे सुंठ पूड आणि पाव जायफळ किसून. सालं मिक्सरमध्ये नीट दळली जात नाहीत आणि मग मफिन खाताना दाताखाली येतात, म्हणून दळताना एक चमचा साखर घाला आणि शेवटी बारीक चाळणीतून काढा. चाळणीत राहिलेला चोथा टाकू नका, दुसऱ्या दिवशीच्या चहात जातो. एवढा मसाला तीन वेळच्या मफिनना पुरतो. घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा.

रात्रीची तयारी

पाणी, आलं आणि कात्रीने कापलेला गवती चहा एकत्र उकळायला ठेवा. उकळी फुटली की चहा पावडर घाला आणि आच मध्यम करून घड्याळ लावून तीन मिनिटं उकळा. पाणी काळपट लाल दिसेल, प्यायला देऊ नये इतकं कडक. आच अगदी बारीक करून नारळाचं दूध घाला, कडेला बुडबुडे दिसू लागले की गॅस बंद. झाकण ठेवून पाच मिनिटं मुरू द्या. नारळाचं दूध खळखळून उकळलं तर त्यातली चरबी वेगळी होऊन वर तरंगते. तसं झालं तरी घाबरू नका, मफिनमध्ये ती तेलासोबत मिसळून जाते.

गाळून घ्या. गाळणीतला चोथा चमच्याने हलकेच दाबा, फडक्यात घालून पिळू नका, कारण पिळून निघतो तो उरलेला तुरटपणाच. चहाची पावडर बरंच पाणी धरून ठेवते, त्यामुळे ३५० मिलीलिटरमधून हाती साधारण २५० येतं. कमी भरलं तर पाण्याने नाही, नारळाच्या दुधाने भरून काढा. अर्क गरम आहे तोवर त्यात गूळ विरघळवा आणि गुळात खडा-कचरा असेल तर पुन्हा एकदा गाळा. चाखून पाहा. एक घोट घेतल्यावर तो नुसता पिण्याजोगा वाटला तर चहा कमी पडलाय. फार गोड आणि फार कडक लागला तर तो बरोबर आहे.

दुसऱ्या छोट्या कढल्यात तेल कोमटाच्या थोडं पुढे तापवा. बोट बुडवता येणार नाही इतकं गरम, पण धूर नाही. गॅस बंद करून दोन चमचे मसाला घाला आणि ढवळा. तो करपला तर मफिन कडू होईल, म्हणून मसाला पडल्यावर तेल तडतडता कामा नये, नुसता फेस यावा. मसाल्याचे वास धरून ठेवतं ते तेल. फोडणीत हिंग-जिरं तेलात का घालतो, त्याचंच हे उत्तर आहे. पिठात नुसता कोरडा मसाला मिसळला तर तोच दोन चमचे मसाला अर्धाही जाणवत नाही. तेल झाकून ओट्यावर राहू द्या.

कोरडं साहित्य दोनदा चाळून एका मोठ्या भांड्यात झाकून ठेवा. सोड्याची एक जरी गुठळी राहिली तर त्या घासाला साबणासारखी चव येते, म्हणून चाळायचा कंटाळा नको. याच प्रमाणात दोन-तीन पाकिटं एकदम करून ठेवली तर पुढच्या वेळचं काम वाचतं. पावसाळ्यात ती फ्रिजमध्ये ठेवा, कणीक लवकर खवट होते आणि बेकिंग पावडर दमट हवेत जोर गमावते.

अर्क थंड झाला की फ्रिजमध्ये.

सकाळी

उठल्याबरोबर ओव्हन २०० अंश सेल्सिअसवर लावा. ओटीजी, म्हणजे ओट्यावरचा छोटा विजेचा ओव्हन, असेल तर खालची-वरची दोन्ही रॉड चालू, जाळी मधल्या कप्प्यात, आणि पंधरा मिनिटं तापू द्या. परदेशातल्या किंवा नव्या पंख्याच्या ओव्हनला १५-२० अंश कमी पुरतात.

फ्रिजमधल्या अर्कावर नारळाच्या चरबीचा पापुद्रा आलेला असेल. तो मंद आचेवर कोमट करा, हाताला जेमतेम ऊब लागेल एवढाच. गरम अर्क पिठात पडला तर बेकिंग पावडर भांड्यातच काम उरकून टाकते आणि ओव्हनमध्ये फुगायला काही उरत नाही. मसाला तेल तळाशी बसलेल्या मसाल्यासकट ढवळून अर्कात ओता, व्हिनेगर घाला आणि फेटा.

व्हिनेगर पडलं की अर्काचा रंग फिका होतो. लिंबू पिळलेल्या कोऱ्या चहाचा होतो तसाच. पुढे पिठातल्या सोड्याशी गाठ पडली की तो पुन्हा गडद होतो, कारण आम्लात चहाचा रंग उतरतो आणि सोड्यात चढतो. सोडा मापापेक्षा जास्त पडला तर मफिन काळसर तांबडे होतात, आणि रंगावरूनच चूक कळते.

साच्यात कागदी वाट्या घाला किंवा तेलाचा हात लावून वर थोडा मैदा भुरभुरा. हे आता, कालवण्याच्या आधी. एकदा ओलं-कोरडं एकत्र आलं की घड्याळ सुरू झालं.

कोरड्या पिठात मध्ये खळगा करून सगळं ओलं एकदम ओता. चमच्याने किंवा स्पॅच्युलाने तळापासून वर उचलत दहा-बारा वेळा फिरवा आणि थांबा. इथे हात आवरणं हेच कौशल्य. कोरड्या पिठाच्या रेघा दिसेनाशा झाल्या की पुरे, बारीक गुठळ्या राहिल्या तर राहू द्या. पीठ जितकं घोळाल तितकं ग्लुटेन ताणलं जातं आणि मफिन चिवट होतो, आतून बोगदे पडतात. कपकेकला लोणी-साखर फेटून हवा भरतात; मफिनला ती गरज नाही, त्याचं फुगणं सगळं सोड्या-पावडरीवर.

पीठ चमच्यातून धारेने पडू नये, गोळ्याने पडावं, आणि पडल्यावर क्षणभर तसंच उभं राहून मग हळूच पसरावं. फार घट्ट वाटलं तर एक-दोन मोठे चमचे पाणी. प्रत्येक साच्यात सुमारे ६० ग्रॅम, म्हणजे पाऊण भाग भरा. दालचिनी मिसळलेली साखर वरून भुरभुरा. ती वितळून वर जी खमंग पापडी येते ती मुलं आधी खातात.

२०० अंशांवर सहा मिनिटं, मग दार न उघडता १८० वर आणून आणखी बारा ते चौदा मिनिटं. सुरुवातीच्या जोरदार आचेने मफिनचं डोकं वर येतं, नंतरच्या मध्यम आचेने ते आतपर्यंत शिजतं. गुळाने रंग लवकर चढतो, म्हणून रंगावर विसंबू नका. मधोमध टोचलेली काडी कोरडी किंवा दोन-चार कणांसह बाहेर आली आणि बोटाने दाबलेला भाग परत वर आला की झालं.

साच्यात पाच मिनिटं, मग जाळीवर. गरम साच्यात जास्त वेळ ठेवले तर खालून वाफ धरून ओले होतात. कागद लगेच सोलू नका, गरम मफिन कागदाला चिकटतो. दहा मिनिटांनी तो अलगद सुटतो, आणि खरं तर चहाची चवही तेव्हाच नीट लागते. ओव्हनमधून काढल्या काढल्या फक्त गूळ आणि दालचिनी कळते.

ओटीजी लहान असेल तर सहा साच्यांचाच ट्रे मावतो. तेव्हा सगळं पीठ एकदम कालवून निम्मं ओट्यावर ठेवू नका. व्हिनेगर आणि सोडा एकत्र येताच वायू सुटायला लागतो, आणि वीस मिनिटांनी त्या पिठात जीव उरत नाही. कोरडं आणि ओलं दोन्ही वजन करून निम्मं-निम्मं करा, पहिला ट्रे बाहेर आला की दुसरी वेळ कालवा.

ओव्हन नसेल तर आप्पेपात्र

घाईच्या सकाळी मला ओव्हनपेक्षाही आप्पेपात्र जवळचं वाटतं. तापायला वेळ नाही, वीज गेली तरी अडत नाही. हेच पीठ, एक-दोन चमचे पाणी जास्त. खड्ड्यांत थोडं थोडं तेल सोडून मंद आचेवर तापवा, खड्डे पाऊण भरा, झाकण ठेवा. पाच-सहा मिनिटांत वरचा भाग कोरडा दिसू लागतो. मग काडीने उलटवून दुसरी बाजू दोन मिनिटं. गुळामुळे खालून पटकन करपतात, म्हणून आच वाढवायचा मोह आवरा. बिडाचं पात्र असेल तर आणखी मंद. पीठ थांबत नाही हे इथेही लक्षात ठेवा आणि दोन-तीन घाण्यांपुरतंच कालवा.

मफिनचाच आकार हवा तर जाड बुडाची कढई किंवा कुकर. तळाशी वाटीभर मीठ पसरा, वर उंच जाळी, झाकण ठेवून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. कुकर वापरत असाल तर रिंग आणि शिटी काढून ठेवायची, आत पाणी घालायचं नाही. स्टीलच्या छोट्या वाट्यांत कागद घालून पीठ भरा आणि मंद-मध्यम आचेवर २५ ते ३० मिनिटं. वरून सोनेरी रंग येणार नाही, पण आतून जाळी छान पडते. मायक्रोवेव्हमधल्या कपात दोन मिनिटांत होणारा प्रकार मी सुचवत नाही. निवल्यावर तो रबरासारखा होतो.

कुठे बिघडतं

मफिन मध्ये बसला तर बहुतेक वेळा ओव्हन पुरता तापलेला नव्हता किंवा दार लवकर उघडलं. डोकं टोकदार आणि आत लांबट पोकळ्या, तर पीठ जास्त घोटलं गेलं. खाली ओलसर थर बसला तर गूळ अर्कात पूर्ण विरघळला नव्हता. साबणासारखी चव आली तर सोड्याचा चमचा शिगेला होता. फुगलाच नाही तर बेकिंग पावडर जुनी. अर्धा चमचा पावडर गरम पाण्यात टाकून पाहा, जोरात फसफसली नाही तर डबा बदला.

चहाच कमी लागला तर पुढच्या वेळी उकळायची वेळ वाढवू नका, अर्कातली पावडर अर्धा मोठा चमचा वाढवा. आणि कडवट लागला तर पिठात घातलेली चहा पावडर पुरेशी बारीक होती का ते बघा. जाड दाणे भाजताना तसेच राहतात आणि खाताना कडू लागतात.

लहान मुलांसाठी एक लक्षात ठेवायचं. एका मफिनच्या वाट्याला साधारण सव्वा ग्रॅम चहा पावडर येते, म्हणजे अर्ध्या कप चहाइतकी, आणि तिच्याबरोबर कॅफीनही. मुलांसाठी करताना दोन्ही ठिकाणची चहा पावडर वगळा, गवती चहाची पाती चारऐवजी आठ करा आणि थोडा पुदिना घाला. या प्रकारातही गूळ-वेलची छान जमते, आणि ज्यांना रात्री चहा चालत नाही अशी मोठी माणसंही ते संध्याकाळी खाऊ शकतात.

बदल म्हणून पिकलेलं केळं कुस्करून घालता येतं. तेव्हा अर्क ५० मिलीलिटर कमी करा आणि गूळ १०० ग्रॅमवर आणा. खजुराचे तुकडे, अक्रोड चालतात. बेदाणे आधी दोन चमचे गरम अर्कात भिजवून घ्या. चॉकलेट नको, ते चहाला गिळून टाकतं.

टिकवणं आणि डबा

तेलाचे मफिन लोण्याच्या मफिनपेक्षा गार झाल्यावर मऊ राहतात, कारण तेल गोठत नाही. गूळही ओलावा धरतो. कोरड्या हवेत हवाबंद डब्यात दोन दिवस, मुंबई-कोकणच्या दमट हवेत एकच दिवस. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. फ्रिजच्या थंडाव्यात पिठातला स्टार्च लवकर कडक होतो आणि मफिन शिळा लागतो. उरलेले सरळ फ्रीझरमध्ये टाका. पूर्ण निवल्यावर एकेक मफिन वेगळा गुंडाळून पिशवीत भरा, महिनाभर उत्तम राहतात.

गरम करायला ओटीजीत १५० अंशांवर आठ-दहा मिनिटं, किंवा मायक्रोवेव्हमध्ये वीस-पंचवीस सेकंद. तव्यावर आडवा कापून, कापलेली बाजू खाली ठेवून भाजला तर कडा कुरकुरीत होतात. त्यावर शेंगदाण्याचं लोणी लावलं तर एका मफिनवर पोट भरतं. ते नावालाच लोणी, पण पाकिट एकदा वाचून घ्या. डब्यात द्यायचा असेल तर गरम करायची गरजच नाही. फ्रीझरमधून काढलेला मफिन रुमालात गुंडाळून तसाच डब्यात ठेवा, छोट्या सुट्टीपर्यंत तो मऊ झालेला असतो.